आपण खासदाराकडे काय मागितलं?

(नागोठणे इथे तरुण मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. इथे बसलेल्या निम्म्या लोकांचे दाखल्याचे, परीक्षेचे, स्कॉलरशिपचे फॉर्म मीच भरलेत. कोण दर वर्षी पासवर्ड विसरतं हेही मला माहीत आहे, पण आज नावं घेत नाही.

मला विषय दिला होता 'निवडणूक आणि आपला समाज'. एवढा मोठा विषय मला झेपणार नाही. मी एकाच निवडणुकीबद्दल बोलतो, २०२४ ची आपली रायगड लोकसभा. विद्यमान खासदार पुन्हा उभे होते, त्यांचा प्रचार आपल्या गावात आला, समोरच्यांचाही आला, आणि त्यात मी एक काम केलं. त्या कामाची मला अजून लाज वाटते, म्हणून तेच सांगायचं ठरवलं.

आधी थोडा मागचा हिशोब. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं ते पहिलं मतदान होतं.

सुनील तटकरे आणि अनंत गीते हे दोघं समोरासमोर आले ते २०२४ ला पहिल्यांदा नाही. २०१४ ला गीते जिंकले, फक्त २,११० मतांनी. त्या निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा आणखी एक अपक्ष उमेदवार होता आणि त्याला ९,८४९ मतं पडली. म्हणजे नाव वाचून बटण दाबणाऱ्या लोकांनी कदाचित पूर्ण निकाल फिरवला. माझे अब्बा तेव्हा मतदान करून आले आणि म्हणाले, "दोन तटकरे होते, मी वरचा दाबला." वरचा कोणता, हे आम्हाला आजपर्यंत कळलं नाही. २०१९ ला तटकरे ३१,४३८ मतांनी जिंकले. २०२४ ला त्यांना ५,०८,३५२ मतं पडली, गीत्यांना ४,२५,५६८. फरक ८२,७८४ चा. अजित पवारांच्या राष्ट्रवादीने त्या वेळी राज्यात चार जागा लढवल्या, त्यातली निवडून आली ती ही एकच.

आता गंमत बघा. माणसं तीच दोन, पण २०१९ ला गीते भाजपच्या सोबत होते आणि तटकरे काँग्रेसच्या. २०२४ ला तटकरे भाजपच्या सोबत आणि गीते काँग्रेसच्या. शेकाप २०१९ ला तटकऱ्यांसोबत होता, २०२४ ला गीत्यांसोबत. आपल्या मोहल्ल्यात वर्षानुवर्षं ज्यांना सांगितलं गेलं की धनुष्यबाणाला मत म्हणजे घराला आग, त्याच चाचा लोकांना आता मशालीवाले सांगत होते की संविधान वाचवायचं तर आमच्याकडे या. आणि घड्याळवाले सांगत होते की आघाडी बदलली, माणूस बदलला नाही, विचार बदलला नाही. दोन्हीकडून एकच वाक्य ऐकू येत होतं: "आम्हाला तर तुम्ही ओळखता."

खरंच ओळखतो. तटकरे रोहा तालुक्यातल्याच सुतारवाडीचे, आपलाही तालुका रोहा. आपली विधानसभा पेण, तहसील रोहा, त्यामुळे एका कागदासाठी इकडे आणि एकासाठी तिकडे हे आपलं नशीबच आहे. पण लोकसभेला हा माणूस घरचा. लग्नाला येतात, मय्यतीला येतात, नावाने हाक मारतात. हे मी टोमणा म्हणून बोलत नाही. चाळीस वर्षं लोकांच्या दारात जाणं सोपं नसतं. आणि ज्यांनी त्यांना मत दिलं त्यांनी चूक केली असं सांगायला मी उभा नाही. ज्यांनी गीत्यांना दिलं त्यांनाही नाही.

मी काय केलं ते सांगतो.

ईद होऊन आठवडा झाला असेल. मतदान ७ मे ला होतं. एका उमेदवाराच्या बाजूचे लोक दुकानात आले आणि म्हणाले, मगरिबनंतर बैठक आहे, तुझं पोरं ऐकतात, चाळीस तरी जमव, आणि समाजाच्या मागण्यांचं एक निवेदन टाइप कर. कोणत्या उमेदवाराची ते सांगत नाही, कारण पाच दिवसांनी दुसऱ्या बाजूची बैठक झाली, तिथेही पोरं मीच जमवली आणि निवेदन तेच होतं. फक्त वरचं नाव बदललं. कॉम्प्युटरचा हाच फायदा.

निवेदनात काय होतं? कब्रस्तानची भिंत वाढवून मिळावी. मोहल्ल्यातल्या गटारावर लाद्या टाकाव्यात. समाजाच्या हॉलचं राहिलेलं काम व्हावं. दोन हायमास्ट दिवे. खाली 'आपले नम्र, समस्त मुस्लिम समाज'. मी समस्त मुस्लिम समाजाला विचारलं होतं का? मी चार बुजुर्गांना फोन केला होता. एकाही बाईला विचारलं नव्हतं. बैठकीत चहा झाला, फरसाण झालं, निवेदन देतानाचा फोटो झाला, "होऊन जाईल" झालं. वीस मिनिटांत सगळे बाहेर.

रात्री माझी भाची दुकानात आली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा, प्रोजेक्टची प्रिंट काढायला आलेली. निवेदनाची जास्तीची प्रत टेबलावर होती. ती वाचून म्हणाली, "मामू, यातलं खासदाराचं काम कोणतं आहे?"

मी म्हटलं, "त्यांनी मनात आणलं तर सगळंच होतं गं."

"मनात आणलं तर नाही विचारलं. काम कोणतं?"

मला उत्तर देता आलं नाही. गटार आणि दिवे ग्रामपंचायतीचे. बाकीचं कुठे आमदार निधी, कुठे जिल्हा नियोजन. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा निधी असतो हे खरं, पण तो सहा विधानसभा मतदारसंघांत वाटायचा, पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड आणि वर रत्नागिरीतले दापोली, गुहागर. आणि तो निधी धार्मिक स्थळाच्या आत वापरता येत नाही. पाच कोटी भागिले सहा केलं की एका मतदारसंघाला एक कोटीही येत नाही. तेवढ्यासाठी कोणी खासदार निवडत नाही, निवडू नये.

आपल्या बाजूने एवढंच म्हणता येईल की आपल्याकडे विचारायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. जिल्हा परिषदेची मुदत २०२२ ला संपली आणि तिथे प्रशासक बसला. पंचायत समितीचंही तेच. म्हणजे २०२४ ला गटाराची लादी मागायला जिल्हा परिषदेचा निवडून आलेला सदस्यच नव्हता. मग जो कोणी मत मागायला दारात आला त्याच्याच हातात सगळी यादी. रोग खालचा, औषध दिल्लीचं.

पण भाचीचा प्रश्न गेला नाही. कारण दिल्लीचं म्हणावं असं एक काम माझ्याच दुकानातून गेलं होतं.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची प्री-मॅट्रिक स्कॉलरशिप तुम्हाला आठवत असेल, बऱ्याच जणांनी घेतली आहे. पहिली ते दहावी. लहान वर्गाच्या मुलाला वर्षाला हजार रुपये. हजार रुपयांत काय होतं, असं विचारणारे आहेत. दप्तर होतं, वह्या होतात, पावसाळी सँडल होते. आणि आणखी एक गोष्ट होते, ती मी दुकानात बसून बघितली आहे: त्या हजार रुपयांसाठी मुलाच्या नावाने बँकेत खातं उघडलं जातं, आधारवरचं चुकलेलं नाव दुरुस्त होतं, उत्पन्नाचा दाखला निघतो, आई पहिल्यांदा बँकेच्या काउंटरपर्यंत जाते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, मुलांचे फॉर्म भरून झाल्यावर, केंद्राची सूचना आली की यापुढे ही स्कॉलरशिप फक्त नववी-दहावीला. कारण असं दिलं की आठवीपर्यंतचं शिक्षण शिक्षणहक्क कायद्याने मोफतच आहे. पुढच्याच महिन्यात, डिसेंबरमध्ये, पीएचडी करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद केल्याचं सरकारने संसदेत सांगितलं.

एक खाला दर वर्षी दोन नातवंडांचे फॉर्म घेऊन यायची, एक दुसरीत, एक चौथीत. तिला मी सांगितलं की बंद झाली. ती म्हणाली, "कोणी बंद केली?" मी म्हटलं, "वरून." तिने छताकडे बघितलं. वर म्हणजे कोण, हे मी तिला सांगितलं नाही, कारण मीही कधी तसा विचार केला नव्हता.

आता ऐका ही स्कॉलरशिप सुरू कोणी केली. २००८ साली ती सुरू झाली तेव्हा केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय होतं दोन वर्षांचं, आणि त्याचे पहिले मंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले. आंबेतचे. आपल्या जिल्ह्याचे, त्या वेळी आपलेच खासदार. कुलाब्याचं रायगड हे नाव १९८१ ला ज्यांनी मुख्यमंत्री असताना केलं तेच. आपल्याकडच्या मतदारांचा एक जुना स्वभाव आहे: १९५७ पासून १९८४ पर्यंत कुलाब्याने एकही खासदार लागोपाठ दोनदा पाठवला नाही. एकदा शेकाप, एकदा काँग्रेस, पुन्हा शेकाप. ही रांग मोडली ती अंतुल्यांनी, १९८९, १९९१, १९९६ असे सलग तीनदा जाऊन. मग ते पडले, २००४ ला परत आले, मंत्री झाले, स्कॉलरशिप आली. आणि २००९ ला विद्यमान खासदार आणि केंद्रीय मंत्री म्हणून उभे राहिले तेव्हा गीत्यांनी त्यांना जवळपास दीड लाख मतांनी हरवलं.

का हरले? कारणं बरीच होती. मतदारसंघ नव्याने आखला गेला, पनवेल-उरणचा भाग मावळला गेला आणि दापोली-गुहागर आले, जिथले खासदार आधीच गीते होते. मुंबई हल्ल्यानंतर अंतुल्यांनी करकरे यांच्या मृत्यूबद्दल जे विधान केलं त्याचाही गदारोळ ताजा होता. वयही झालं होतं. पण मला आठवतं ते वेगळं. मी तेव्हा तुमच्या वयाचा होतो. त्यांच्या प्रचारात आमच्या मोहल्ल्यात कोणी स्कॉलरशिपचा शब्द काढल्याचं मला आठवत नाही. "आपला माणूस आहे" एवढंच. आम्हीही तेवढ्यावरच मत दिलं. ज्या कामासाठी मत द्यायला हवं होतं ते त्यांच्या लोकांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तेरा-चौदा वर्षांनी ते काम अर्धं बंद झालं तेव्हा आम्हाला हेही आठवेना की ते आपल्याच खासदाराच्या हातून सुरू झालं होतं.

म्हणून २०२४ ला विचारायचा प्रश्न सरळ होता. २०२२ ला ही स्कॉलरशिप बंद झाली तेव्हा तटकरे विरोधी पक्षात होते, त्यांना दोष देता येत नाही. पण २ जुलै २०२३ ला पक्ष फुटला आणि त्यानंतर ते सत्तेच्या बाजूला गेले. मग विचारायचं: साहेब, आता तुम्ही सरकारच्या बाजूला आहात, पहिली ते आठवीचं काय करणार? आणि गीत्यांना विचारायचं: तुम्ही २०१४ ते २०१९ केंद्रात मंत्री होतात, निवडून आलात तर विरोधी बाकावरून हे कसं मांडणार? दोघांकडेही काहीतरी उत्तर असतं. चांगलं असतं की वाईट, ते मला माहीत नाही, कारण माझ्या दोन्ही निवेदनांत ती ओळच नव्हती. हायमास्ट होता.

कोणी म्हणेल, प्रश्न विचारून काय होतं, शेवटी माणूस चांगला असला की झालं. इथे मला थोडं रुक्ष बोलावं लागेल.

माणूस चांगला असतो तो आपल्या दारात. लोकसभेत तो पक्षाचा असतो. १९८५ पासून राज्यघटनेत दहावी अनुसूची आहे, पक्षांतरबंदीची. पक्षाने व्हिप काढला आणि खासदाराने त्याविरुद्ध मत दिलं तर, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर, त्याची खासदारकी जाऊ शकते. मग तुमच्या लग्नात तो पहिल्या पंगतीला बसला होता की शेवटच्या, याचा काही संबंध नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत मध्यरात्रीनंतर मंजूर झालं, २८८ विरुद्ध २३२. विधेयक चांगलं की वाईट हा आजचा विषय नाही, त्यावर वेगळी बैठक घ्या. पण दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात लोक काय म्हणत होते? "हे तर आम्हाला ओळखतात, मग यांच्या पक्षाने असं कसं केलं?" सरकारमधल्या मित्रपक्षांनी सरकारला साथ दिली, यात धक्का बसण्यासारखं काय होतं? धक्का बसला कारण आपण ओळख विकत घेतली होती आणि मिळाला पक्ष. प्रचारात दोघांनीही ओळख दाखवली. पक्षाचं काय, हे विचारायचं काम आपलं होतं.

बरं, आपल्या जिल्ह्यात हे आणखी अवघड झालं आहे. २०२४ च्या विधानसभेला रायगडच्या सातच्या सात जागा महायुतीला गेल्या: पनवेल, कर्जत, उरण, पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड. खासदार त्यांचे. पेणचे धैर्यशील पाटील, ज्यांच्या घरात शेकापचा लाल झेंडा होता, ते भाजपमधून त्याच वर्षी राज्यसभेत गेले. तटकऱ्यांच्या कन्या अदिती श्रीवर्धनच्या आमदार आणि राज्यात मंत्री, महाडचे भरत गोगावलेही मंत्री. विरोधी पक्ष शोधायचा तर टॉर्च लागेल. आणि विरोध संपला म्हणून भांडण संपलं का? १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी आली, रायगडला अदिती तटकरे. गोगावलेंचे समर्थक महामार्गावर उतरले, टायर जळाले, दुसऱ्या दिवशी नेमणुकीला स्थगिती. भांडण होतं, फक्त ते आपल्या मताच्या बाहेर होतं. आत, एका खोलीत.

एकाच पक्षाचा प्रदेश जगात दुसरीकडेही असतो. अमेरिकेत हवाई म्हणून राज्य आहे, तिथे डेमोक्रॅटिक पक्षच जिंकतो हे ठरल्यासारखं. पण तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायलाही मतदान होतं, आणि त्यात सामान्य मतदार जातो. २०१४ ला तिथले विद्यमान सिनेटर ब्रायन शाट्झ यांना त्यांच्याच पक्षाच्या कॉलीन हानाबुसा यांनी आव्हान दिलं. वादळामुळे काही केंद्रांचं मतदान पुढे ढकलावं लागलं, आणि शेवटी शाट्झ दोन हजारांपेक्षा कमी मतांनी वाचले. तिकडे काही सगळं गोड आहे असं नाही. पण बसलेल्या माणसाला आपल्याच पक्षाच्या मतदारासमोर उभं राहून हिशोब द्यावा लागला. आपल्याकडे तिकीट मुंबईत ठरतं, दिल्लीत ठरतं. आपल्यापर्यंत येतो तो बॅनर.

आता एक गोष्ट, जी बुजुर्ग लोक हळू आवाजात बोलतात, ती मी मोठ्याने बोलतो. "प्रश्न विचारू नका, उद्या त्यांना कळेल आपल्या बूथवर काय झालं." ही भीती खोटी नाही. तुमचं मत गुप्त आहे, पण बूथचं मत गुप्त नाही. मोजणी यंत्रानुसार होते आणि नंतर फॉर्म २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते छापून येतं. कोणीही वाचू शकतं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा गरज वाटेल तिथे वेगवेगळ्या पेट्यांतल्या चिठ्ठ्या मिसळून मोजायची सोय होती. यंत्रांच्या बाबतीतही अनेक बूथची मतं एकत्र मोजणारं 'टोटलायझर' आणावं असं निवडणूक आयोगाने सुचवलं, २०१५ ला विधी आयोगानेही शिफारस केली, पण ते आलेलं नाही. त्यामुळे आपला मोहल्ला एका केंद्रावर असला की आपण आपोआप गठ्ठा होतो, आपण ठरवलं असो वा नसो. मग कोणी म्हणतं, या गठ्ठ्याला दिवा द्या. कोणी म्हणतं, या गठ्ठ्याला द्यायची गरज नाही.

पण माझा अनुभव असा की ही भीती प्रश्नाला लागू नाही. स्कॉलरशिपबद्दल विचारल्याने तुम्ही कोणाला मत देणार हे कळत नाही. उलट निवेदन देऊन फोटो काढल्याने कळतं. मी चाळीस पोरांना दोन्ही फोटोंत उभं केलं, आणि समजत होतो की मी त्यांना सांभाळून घेतोय.

आपल्या गावात अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. तो निजामशाहीच्या काळात, १५८० च्या सुमाराला, चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधला असं गॅझेटियरमध्ये दिलं आहे. मला त्याची एकच गोष्ट आवडते: त्यावरून कोण गेलं हे कोणी विचारलं नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला पळस्पे ते इंदापूर सुरू झालं, आपल्या वाकण फाट्यावरून जातं ते, आणि त्याच्या धुळीत आपण दहा-बारा वर्षं काढली. तो राष्ट्रीय महामार्ग आहे. खासदाराला विचारायचा प्रश्न तोही होता. पण 'समस्त मुस्लिम समाजा'च्या निवेदनात महामार्ग कसा येणार? मला वाटलं, तो सगळ्यांचा प्रश्न आहे, आपला नाही. हे वाक्य मी त्या वेळी खरंच मनात म्हटलं होतं. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती प्रिंटचे पैसे देऊन गेली. घरच्यांकडून मी पैसे घेत नाही.

तर आता तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी एक वही केली आहे. एका पानावर ग्रामपंचायत, एकावर जिल्हा परिषद, एकावर आमदार, एकावर खासदार. ज्याचं काम त्याच्या पानावर. खासदाराच्या पानावर सध्या तीन ओळी आहेत: आठवीपर्यंतची स्कॉलरशिप, महामार्ग, रोह्याकडची लोकल. लोकसभेत आपल्या खासदाराने कोणते प्रश्न विचारले ते संसदेच्या वेबसाइटवर तारखेसह असतं, खासदार निधीतून कुठे काय झालं तेही पोर्टलवर असतं. ते काढून द्यायचं काम मी घेतलं आहे, प्रिंटचे पैसे लागणार नाहीत. ती वही घेऊन पुढच्या वेळी नाही, आत्ताच जायचं आहे, पत्र लिहून, पोच घेऊन. पत्रावर सह्या नावानिशी. समस्त समाज म्हणून नाही.

आणि ज्यांना अठरा पूर्ण झाली आहेत त्यांनी फॉर्म ६ भरा. आता १ जानेवारीची वाट बघावी लागत नाही, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर याही तारखा धरतात. लग्न होऊन इथे आलेल्या मुलींनी नाव माहेरहून इकडे घ्यायचा फॉर्म ८. फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. ओटीपी येतो, तेव्हा अब्बांचा नंबर देऊ नका, ते दुकानात असतात आणि फोन घरी असतो. मी रात्री दहापर्यंत आहे.